नळीची राखण

हात धुण्याच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायची गरज नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

माझं माहेर जळकोटपासून आत, हायवे सोडून दोन कोस. उन्हाळ्यात गावाला टँकर यायचा. घरात आम्ही सात माणसं, आणि जेवणानंतर सातही जणांचे हात आई एका तांब्यात धुऊन घ्यायची. आधी ओंजळ ओली होईल इतकंच पाणी, मग चोळायचं, मग करंगळीपेक्षा बारीक धार. खाली घमेलं. घमेल्यातलं पाणी दारातल्या मिरचीला. हात पुसायला सगळ्यांना मिळून एक पंचा. कुणी जास्त पाणी सांडलं की आई म्हणायची, "पानी हाताला कळाय पायजे. जमिनीला कळून काय करायचंय?"

पुढं सोलापूरला नर्सिंग केलं. तिथं नळ पूर्ण सोडून, गप्पा मारत हात धुणाऱ्या मुली पाहिल्या की माझं डोकं फिरायचं. हात धुण्याच्या पायऱ्या मी पाठ केल्या, परीक्षेत मार्कही मिळाले, पण मनातल्या मनात प्रत्येक पायरी मी आईच्या तांब्यात बसवून घेतली.

आता मी उमरग्यातल्या एका खासगी दवाखान्यात डायलिसिसची इन्चार्ज सिस्टर आहे. पाच मशीन आहेत. डायलिसिसला पाणी किती लागतं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मार्च उजाडला की बोअर दम टाकतं आणि आम्हीही टँकरवर येतो. मशीनचं पाणी कमी करता येत नाही, म्हणून बाकी जिथं होईल तिथं मी काटछाट केली. एका उंच स्टुलावर तोटीचा ड्रम ठेवला, खाली टब, बाजूला साबणाची वडी आणि खिळ्याला हिरवा नॅपकिन. सकाळी एक धुतलेला, दुपारी दुसरा. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मालक, पाहुण्यांना ती जागा मुद्दाम दाखवायचे. मला बरं वाटायचं, खोटं का बोला.

हात चोळायचं औषध, पाण्याशिवायचं, तेही आमच्याकडं होतं. त्याच्या बाटल्या मी कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. तपासणीला कुणी येणार असलं की एकेक बाटली बाहेर निघायची, आणि गाडी फाटकाबाहेर गेली की आत जायची. यात लबाडी होती असं मला तेव्हा वाटलं नाही. घरात चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी ठेवतात, तसंच ते.

इथं नळीबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डायलिसिस करायचं तर शरीरातलं रक्त मशीनमध्ये आणायला आणि परत सोडायला वाट लागते. मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून कायमची वाट करतात, तिला फिस्टुला म्हणतात. पण ती सुई टोचण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने जातात. तोवर मानेतून एक नळी मोठ्या शिरेत सरकवतात. तिचं आतलं टोक हृदयापाशी असतं. बाहेर तिच्या दोन शेपट्या लोंबतात, एकीला लाल टोपण, दुसरीला निळं. दर वेळी ती टोपणं उघडायची, मशीन जोडायचं, चार तासांनी सोडवायचं, नळीत औषध भरून टोपणं लावायची. तोंडावाटे काही वाईट गेलं तर पोट त्याचं बरंवाईट बघतं. टोपणापाशी लागलेलं मात्र थेट रक्तात जातं. मध्ये चाळणी नाही.

आम्ही ज्यांना मामा म्हणायचो ते पेशंट आमच्याकडं आले तेव्हा शिमगा नुकताच झाला होता. मेंढरं राखणारा माणूस, साठीचा, काटक, डोक्याला पटका. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं दुकानातल्या गोळ्या खाल्ल्या आणि त्यात मूत्रपिंडं गेली. मानेत नळी घालूनच सोलापूरहून आले होते. मंगळवार आणि शनिवार असे त्यांचे दिवस ठरले. सोबत त्यांची बायको. तिला मी मावशी म्हणायची.

पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं, "बाई, ही येसन किती दिस?"

"वेसण नाकात असते मामा. ही मानेत आहे."

"मानेत असू दे न्हायतर नाकात. दोरी तुमच्याच हातात हाय न्हवं?"

बोलणं ऐकून मला वाटलं, हा माणूस टिकेल.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, मशीन सुरू करून तास झाला असेल नसेल, मामांना थंडी भरली. दात वाजत होते आणि लोखंडी पलंग फरशीवर खडखडत होता. डायलिसिस चालू असताना अशी थंडी आली की आम्हाला पहिली शंका नळीचीच येते. रक्ताचे नमुने घेतले, सोलापूरच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन केला, मामांना गाडीत घालायची तयारी केली. जाण्याआधी मानेवरची पट्टी सोडली, तर पट्टीच्या कडेखाली पिवळं दिसलं. भंडारा.

मावशीनं घरी पट्टीची कड उचलून खंडोबाचा भंडारा लावला होता. धनी बरा व्हावा म्हणून. पिशवीत पुडी होतीच.

मी ती पुडी तिच्या हातातून घेतली आणि पाचही पलंगांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "मावशी, देव देवाच्या जागी ठेवायचा. तुमच्या हातानं यांच्या रक्तात घाण गेली. उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं?"

मावशी पदर तोंडाला लावून गाडीत बसली. पुडी मी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

मामा वाचले. आठ-दहा दिवस सोलापूरला काढून परत आले ते निम्मे होऊन. उजवीकडची नळी काढली होती, डावीकडं नवी घातली होती. नळी डावीकडं म्हणून फिस्टुला उजव्या मनगटावर केला होता. सोलापूरचे डॉक्टर आमच्याकडं दर मंगळवारी येतात. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"उजवी बाजू गेली. ही बिघडली तर मांडीतून घालावी लागेल, आणि ती फार दिवस चालत नाही. दुसऱ्यांदा असा ताप यांच्या हृदयाला झेपेल याची मी हमी देत नाही. फिस्टुला तयार व्हायला दोन महिने. तेवढे दिवस ही नळी सांभाळा, सिस्टर."

दोन महिने म्हणजे सोळा-सतरा वेळा टोपणं उघडायची. मामांचं सगळं आता त्या सोळा-सतरा वेळांवर होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

डॉक्टरांनी मामांना एक मऊ चेंडू दिला. फिस्टुल्याचा हात भरावा म्हणून दिवसभर दाबायचा. मामांनी तो उलटापालटा करून बघितला आणि परत दिला. "हे पोरांचं खेळनं. म्या शेळीची धार काढीन की. हाताला तेच काम, आन दूध बी निघतंय."

मावशी आता आत येईनाशी झाली. दाराबाहेरच्या बाकावर चार तास बसून राहायची. मामा म्हणाले, "ती मला हातच लावीना आता. भाकरीचं ताट बी लांबून सरकवती. वाळीत टाकल्यावानी झालंय माझं."

"बरं आहे," मी म्हणाले. "तेवढीच सुरक्षा."

हे मी बोलले, हे लिहायलाच पाहिजे.

त्याच महिन्यात दुसरा प्रकार घडला. सीमेपलीकडून, कर्नाटकातून, एका धान्याच्या व्यापाऱ्याची बायको आमच्याकडं यायची. मानेत नळी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि स्वच्छता इतकी की पलंगावर आमची चादरही घ्यायची नाही, घरून आणायची. मशीनला जोडायच्या आधी ती स्वतःच ओढणीनं नाक-तोंड झाकून घ्यायची. एका गुरुवारी तिला तशीच थंडी भरली. नवरा मराठी विसरून गेला आणि "एनायतु सिस्टर, एनायतु" एवढंच म्हणत राहिला. काय झालं, काय झालं. मी सांगितलं, तिची शुगर जास्त आहे, अशा माणसाला होतं. त्यांनी तिला कलबुर्गीला नेलं. पुन्हा ती आमच्याकडं आली नाही. फोन केला होता, लागला नाही, असं मी कुणी विचारलं की सांगते. खरं म्हणजे मी एकदाच केला.

तिच्या पट्टीखाली भंडारा नव्हता. हे मला कळत होतं. पण कळलेली गोष्ट लगेच घरात घ्यायची नसेल तर माणूस तिला दारात उभं करून ठेवतो.

पुढच्या मंगळवारी मामांचं मशीन सुरू होतं. मी ड्रमवर हात धुऊन आले तसं त्यांनी बोटानं जवळ बोलावलं.

"बाई, एक इचारू? राग न्हाय ना यायचा?"

"विचारा."

"तुमी हात धुता, लई चांगलं धुता. आन मग त्या हिरव्या फडक्याला पुसता."

"मग?"

"सकाळधरनं तेवीस जनांनी पुसलं त्याला. म्या मोजलं. म्हंजी मानसं पाचच, पर खेपा तेवीस. तो मशीनवाला पोरगा, तुमी, झाडूवाली बाई, परत तुमी." त्यांनी खिळ्याकडं हनुवटी केली. "आमच्यात जनावराला रोग आला की आमी एका डोनीत दोन कळपांना पानी पाजत न्हाय. पानी कितीबी सोच्छ असू दे. डोन तीच ऱ्हाती न्हवं."

डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायची दगडी कुंडी. मला कळलं ते काय म्हणतायत. राग आला. माझ्या व्यवस्थेला इतक्या वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं.

"मामा, तुम्ही झोपा जरा," मी म्हणाले.

"झोप कशी लागंल? राखन करून करून सवय हाय. चार तास पडलो की नजर आपसूक मोजाय लागती."

घरी गेल्यावर जेवण झालं, हात धुतले आणि स्वयंपाकघरातल्या टॉवेलला पुसले. माझ्या आधी घरातल्या सगळ्यांनी पुसले होते. टॉवेल ओलाच होता.

रविवारी आमच्याकडं पेशंट नसतात. मशीन आतून धुतात. त्या दिवशी मी टेक्निशियनला, म्हणजे मामांच्या मशीनवाल्या पोराला, सकाळीच बोलावलं. पोरगा कसला, तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप आहे. पाचही पलंगांवर एकेक उशी ठेवली, मुदत संपलेल्या नळ्या आणि टोपणं चिकटपट्टीनं उशांना लावली.

"आज तालीम," मी म्हणाले. "हे पाच पेशंट. रोज जोडतो तसं जोडायचं, रोज धुतो तसे हात धुवायचे."

"सिस्टर, या दोन नंबरचं बीपी वाढलेलं दिसतंय. फुगलाय."

"काम कर."

त्याला एक गोष्ट सांगितली नव्हती. ड्रॉवरमधली मावशीची पुडी काढून त्यातला निम्मा भंडारा मी खिळ्याच्या नॅपकिनला आतल्या बाजूनं चोळून ठेवला होता. गर्द हिरव्या ओल्या कापडावर पिवळं चटकन दिसत नाही.

तासभर आम्ही नेहमीसारखं काम केलं. ड्रमची बारीक धार, साबण, नॅपकिन, उशी. मग मी पडदे सरकवले आणि सगळे दिवे लावले.

तिसऱ्या उशीच्या निळ्या टोपणावर पिवळं बोट होतं. चौथीच्या दोन्ही टोपणांवर. मशीनच्या बटणांवर, फायलीच्या कोपऱ्यावर, ड्रमच्या तोटीवर, माझ्या घड्याळाच्या पट्ट्यावर. टेक्निशियनच्या कानाच्या पाळीवरसुद्धा, कारण त्याला विचार करताना कान ओढायची सवय आहे. पाच उशांपैकी एकच कोरी होती, सगळ्यांत पहिली जोडलेली, नॅपकिनची आतली बाजू वर यायच्या आधी.

तो घाईनं ड्रमकडं गेला आणि साबणानं हात चोळायला लागला. चोळता चोळता त्याचे तळवे लाल झाले. मग हात माझ्यापुढं धरून म्हणाला, "सिस्टर, रक्त."

"हळद आहे. साबण लागला की लाल होते. घरी कधी कपडे धुतलेत का?"

मी बोलले तसं, पण त्या हातांकडं मी जरा वेळ बघत राहिले.

त्या व्यापाऱ्याच्या बायकोला आमच्याच नॅपकिननं आजारी पाडलं, की दुसऱ्या कशानं, हे आता कुणी सिद्ध करू शकणार नाही. मामांच्या वेळी भंडाऱ्याचाही थोडा वाटा असेल. पट्टीखाली हळद घालू नये हे आजही मी ओरडून सांगते. पण मावशीनं पट्टीची कड एकदा उचलली होती. आम्ही टोपणं दर खेपेला उघडत होतो.

सोमवारी मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण सिस्टर, ती तुमचीच पद्धत आहे."

"होय. म्हणूनच मोडायला मी आले."

त्या आठवड्यात नॅपकिनचा खिळा उपटला. कापडाचे लहान तुकडे करून ते वाफेच्या यंत्रातून काढून ठेवायचे, एका हातधुणीला एक तुकडा, पुसला की बादलीत, असं ठरवलं. साबणाची वडी गेली. ड्रमला कोपरानं उघडणारी लांब दांड्याची तोटी बसवली. नळीत भरायचं औषध आम्ही सकाळी एका मोठ्या बाटलीत कालवून दिवसभर सगळ्यांना त्यातूनच देत होतो. तेही बंद. ज्याचं त्याला वेगळं. टोपण उघडायच्या आधी औषधाच्या बोळ्यानं पंधरा अंक मोजेपर्यंत घासायचं, वाळू द्यायचं, आपल्या तोंडाला मास्क, पेशंटच्याही, आणि त्याची मान पलीकडं. यातलं काहीही नवीन नव्हतं. सगळं माझ्या वहीत होतं, परीक्षेच्या अक्षरात. एकदा वापरलेलं कापड बादलीत टाकताना पहिले काही दिवस माझा हात अडायचा, हे मात्र खरं.

आणि कपाटाचं कुलूप काढलं. हात चोळायच्या औषधाची एकेक बाटली प्रत्येक पलंगाला तारेनं बांधली. त्याला पाणी लागत नाही. थेंबभरही नाही. टँकरच्या गावात जन्मलेल्या बाईनं पाणी न लागणारी वस्तू कुलपात ठेवून पाण्याची काटकसर केली, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मंगळवारी मामांना म्हणाले, "तुम्ही चार तास पडूनच असता. राखण कराल?"

"कुनाची?"

"नळीची. तुमच्याच काय, सगळ्यांच्याच. हात न चोळता कुणी टोपणाजवळ आलं की अडवायचं. मी आले तर मलासुद्धा."

"आन डाक्टरला?"

"डॉक्टरलाही."

"पगार काय?"

"अर्धा कप चहा." डायलिसिसच्या पेशंटला पाणी-चहा मोजूनच द्यावा लागतो.

"मंग अर्ध्या मानसाचं काम करीन," मामा म्हणाले.

त्यांनी ते दीड माणसाचं केलं. कळपातून फुटणाऱ्या मेंढीला थांबवायला ते जिभेनं टाळूवर एक आवाज काढायचे, टक् असा. तोच त्यांनी आमच्यासाठी वापरला. टेक्निशियन एका पलंगावरून दुसरीकडं तसाच निघाला की टक्. मी फोनवर बोलून तेच हात घेऊन वळले की टक्. दोन आठवड्यांत बाकीचे पेशंटही तो आवाज काढायला शिकले, आणि आमचा वॉर्ड माळरानासारखा वाजायला लागला. टेक्निशियन म्हणाला, "सिस्टर, लोकर कधी कातरणार आमची?"

राखणीच्या पहिल्याच मंगळवारी सोलापूरच्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं माझ्याकडं होतं, मी विसरले. ते घाईत आले, दुसऱ्या पेशंटला तपासून थेट मामांच्या मानेकडं हात नेला. टक् झालं. डॉक्टरांनी इकडंतिकडं बघितलं आणि पुन्हा हात पुढं केला. मामांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि नळीवर मूठ धरली.

"हात," मामा म्हणाले.

"काय झालं हाताला?"

"तुमच्या काय न्हाय झालं. माझ्या मानंला हुईल. ती बाटली बगा, तारंला बांधलीया."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "सर, मीच त्यांना सांगितलंय." त्यांचा चेहरा जरा आवळला, पण त्यांनी बाटली दाबली आणि हात चोळले, मनगटापर्यंत, नीट. मामा त्यांच्या बोटांकडं शेवटपर्यंत बघत होते. मग मूठ सोडली.

"आता या," म्हणाले.

बाराव्या की तेराव्या खेपेला मामा म्हणाले, थंडी वाजतीया. मी लगेच ताप बघितला, नव्हता. नाडी ठीक. मग लक्षात आलं, कूलरचं तोंड कुणीतरी त्यांच्याकडं फिरवलं होतं. कूलर वळवला तरी मी चार तास त्यांच्या पलंगाजवळून हलले नाही. दर अर्ध्या तासानं ताप बघत राहिले. मामा म्हणाले, "बाई, दुसऱ्यांची टोपनं कोन बगंल?" तेव्हा उठले.

दोन महिने झाले. मनगटावर कान ठेवला की फिस्टुल्यात भुंग्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी शेळीच्या दुधाची चौकशी केली आणि म्हणाले, उत्तम. पहिली सुई मी टोचली. नीट लागली. पुढच्या तीन खेपा हातावरच झाल्या, मशीनला रक्त पुरेसं मिळालं, आणि त्यानंतरच्या मंगळवारी डॉक्टरांनी मानेतली नळी काढली. मी जागेवर दाबून धरलं, पट्टी लावली. नळीचं टोक तपासायला पाठवलं. काही निघालं नाही.

मामा मान डावी-उजवीकडं फिरवून बघत होते. "येसन सुटली," एवढंच म्हणाले आणि अर्ध्या कपाचं काय झालं ते विचारलं.

मावशी बाहेर बाकावर होती. मी ड्रॉवरमधली पुडी घेतली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"ही तुमची. भोक बुजेपर्यंत मानेजवळ न्यायची नाही. कपाळाला लावा."

तिनं पुडी हातात घेऊन तोलली. मग उघडली. "निम्मा कुठं गेला यातला?"

आता सांगणं भागच होतं. नॅपकिन, उशा, टोपणं, टेक्निशियनचे लाल हात, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमच्या हाताला दोष दिला. दोष आमच्या हातांचा जास्त होता. माझं चुकलं."

मावशी पुडीची घडी घालत राहिली. कागदाच्या घड्या होत्या तशा, एकेक. मग म्हणाली, "कवा कळलं तुमाला हे?"

मी खरं सांगितलं. "दीड महिना झाला."

"आन म्या दीड महिना हितं बाहीर बसले."

"होय."

"त्यांना पानी बी लांबून दिलं म्या. रातीला उशाला बसायची, पर हात न्हाय लावला." ती माझ्याकडं बघत नव्हती, दाराकडं बघत होती. "तुमी लई हुशार हायसा बाई. पर दार एवढं मोटं हाय आन बाक हितं हाय. चार पावलं न्हवती का?"

ती उत्तराला थांबली नाही. उठली, पुडी कमरेला खोचली आणि आत जायला निघाली. दारात थबकली. तारेला बांधलेली पहिली बाटली दिसली तशी मागं वळून विचारलं, "ही किती येळा दाबायची?"

"एकदा. आणि वाळेपर्यंत चोळायचं."

तिनं हात चोळले, बोटांच्या फटीतून, मनगटापर्यंत. कुणीतरी शिकवल्यासारखे. उघड्या दारातून दीड महिना तिनं तेच तर बघितलं होतं. मग ती मामांच्या पलंगाशी गेली आणि त्यांच्या उजव्या मनगटावर, भुंगा वाजत होता तिथं, हात ठेवला.

"आगं, गार लागतंय," मामा म्हणाले.

"वाळलंय की," मावशी म्हणाली, आणि हात काढला नाही.